लाल कुठलं?

माझ्या मामाने मला उभ्या आयुष्यात एकदाही ‘कशी आहेस’ असं विचारलं नाही. आमच्याकडे आला की चप्पल काढायच्या आधी तो पिशवीतून सुताची सात लाकडी रिळं काढायचा, ती फरशीवर ठेवायचा आणि विचारायचा, “लाल कुठलं?”

भिवंडीत सुताला तोटा नाही. मामाच्या खोलीच्या खालीच लूमचा कारखाना होता. तिथल्या जॉबरने, म्हणजे लूम दुरुस्त करणाऱ्या माणसाने, ही रिळं त्याला दिली होती. आम्ही त्याला चाचा म्हणायचो. लाल, गुलाबी, नारिंगी, हिरवं, खाकी, निळं, पांढरं अशी ती सात रिळं होती. मी सांगेन ते रीळ मामा हातात घ्यायचा, बोटांत फिरवायचा आणि “चालेल” म्हणायचा. शाब्बास म्हणायला त्याची जीभ कधी रेटली नाही. रिळं पिशवीत गेली की मगच आईने चहा टाकायचा, असा नियम होता. शेजारच्या बायका आईला विचारायच्या, “तुमचा भाऊ सूत विकतो का हो?”

आमच्या घराण्यात डोळे जातात. सगळ्यांचे नाही, पण दर पिढीत एखाद्याचे. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ चाळिशीत पूर्ण आंधळे झाले. शेतात राबून ऊन बाधलं, असं घरातले म्हणायचे. लहानपणी मामाच त्यांची काठी धरून त्यांना शेलार गावातून बाजारात आणायचा. त्यांनी त्याला सांगून ठेवलं होतं, “आधी लाल जातो. मग माणसांची तोंडं जातात. उजेड तेवढा जात न्हाय, तो टोचत राहतो.” हे ऐकणाऱ्या मुलाला तेव्हा ठाऊक नव्हतं, की पुढे हे त्याच्याच वाट्याला येणार आहे.

मामा कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचा. काळा चष्मा आणि डोळ्यांवर ओढलेली टोपी हा त्याचा बारमाही वेश. वर्गात, ग्रंथालयात, प्राचार्यांच्या केबिनमध्येसुद्धा. विद्यार्थी त्याला मागून ‘गुप्तहेर’ म्हणायचे आणि ते त्याला माहीत होतं. हजेरी तो आवाजावरून घ्यायचा. कुणी दुसऱ्याची हजेरी लावली तर म्हणायचा, “घसा तोच आहे, नाव बदललंस.” आम्हाला वाटायचं, केवढे तीक्ष्ण कान. तोंडं दिसत नव्हती म्हणून ती सगळी धडपड होती, हे फार उशिरा कळलं.

त्याच्याकडे ड्रॉइंग पेपरची एक मोठी गुंडाळी होती. त्यावर आमचं अख्खं घराणं मांडलेलं होतं. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे वर्तुळ. डोळे गेलेल्याचा चौकोन शाईने काळा भरलेला. नात्यातल्या नात्यात लग्न झालं असेल तिथे जोडीमध्ये एक नाही, दोन रेषा. आमच्या कागदावर दुहेरी रेषाच जास्त होत्या, कारण मामाच्या मुलीवर आतेभावाचा पहिला हक्क ही आमच्याकडची जुनी रीत. माझी आजी आजोबांच्या मामाची मुलगी. आणि माझी आई दिली ती आजोबांच्या सख्ख्या बहिणीच्या मुलाला. सगळ्यांत खाली, अगदी कडेला, एक रिकामं वर्तुळ होतं. ते मी.

आईचं लग्न ठरत होतं तेव्हा मामा बी.एस्सी.ला होता आणि अनुवंशशास्त्र नुकतंच शिकला होता. बैठकीला जमलेल्या वडीलधाऱ्यांसमोर तो मूठभर वाल घेऊन बसला. काही दाण्यांवर शाईचा ठिपका, बाकीचे कोरे. एक ठिपकेवाला दाणा काही बिघडवत नाही, तो नुसता पिढ्यान्‌पिढ्या लपून बसतो. दोघांकडून दोन ठिपके एकत्र आले की मूल आंधळं. बाहेरच्या घरात हा ठिपका सहसा सापडत नाही, आपल्या घरात तो जागोजागी आहे, म्हणून आपल्यातच मुलगी देऊ नका. एवढं साधं त्याचं म्हणणं होतं.

आजोबा म्हणाले, “बहिणीच्या घरी पोरगी दिली तर ती सुखात राहील. तुझ्या ठिपक्यांसाठी तिला परक्यात ढकलू काय?”

दुसरे एक म्हातारे म्हणाले, “दाणे चांगले हायत रे. आमटी कर त्यांची.”

सगळे हसले. लग्न झालं. विहारात आई नवरी म्हणून उभी असताना तिचा सख्खा भाऊ खारबावच्या बाजूला खाडीच्या बांधावर जाऊन बसला होता. भातकापणीनंतर तिथे ओलीवर वाल पेरतात. खाडीचं पाणी शिरून जमीन मिठाने पांढरी पडली होती, वाल पिवळे पडले होते, आणि बांधाखालच्या एका तुकड्यात मात्र हिरवेगार होते. मामाने एक रोप उपटलं. मुळांवर भरगच्च गाठी. एक नखाने चिरली तर आतून लाल, म्हणजे काम करणारी. संध्याकाळी तो ते रोप हातात धरून घरी आला. वऱ्हाड निघून गेलं होतं. आई पुढे कित्येक वर्षं त्याच्याशी बोलली नाही. लग्नाला आला नाही म्हणून नव्हे, तर येताना रोप घेऊन आला म्हणून.

बहिणीला अडवता आलं नाही, तेव्हा त्या गाठींनी मामाला धरलं, असं मला वाटतं. त्यांत राहणाऱ्या जीवाणूंवर तो आयुष्यभर बोलत राहिला. “हवेत पाच भागांतले जवळजवळ चार भाग नायट्रोजन आहे,” तो वर्गात सांगायचा. “रोप त्यात बुडालेलं आहे आणि तरी उपाशी आहे. स्वतःच्या तोंडाने एक घास घेता येत नाही त्याला. मुळाशी कुणीतरी बसून भरवावं लागतं.” मग एकदम गप्प व्हायचा. मुलांना वाटायचं, तास संपला.

खाऱ्या जमिनीतही काम करणारा तो जीवाणू वेगळा काढायचा, वाढवायचा आणि तिथल्या शेतकऱ्यांना द्यायचा, एवढंच त्याला करायचं होतं. त्यासाठी तो दर हिवाळ्यात लोकांच्या शेतांत उकिडवा बसून मुळं उकरायचा. बांधाशेजारच्या शेताची एक मावशी होती, ती कंबरेवर हात ठेवून उभी राहायची.

“मास्तर, शेंगा नेल्या असत्यात तर आमी समजलो असतो. तुमी मुळ्या कशाला नेता? करणी-बिरणी तर न्हाय ना?”

“करणीच आहे,” मामा म्हणायचा. “पण चांगली.”

मामाने लग्न केलं नाही. “माझ्यापुरती रांग बंद,” असं म्हणायचा. मग त्याच्याकडे उरलं काय, तर एक जीवाणू आणि मी. माझे डोळे धड राहिले तर आजोबांच्या बैठकीत तो हरला तरी निदान शेवट गोड झाला असं त्याला म्हणता आलं असतं. म्हणून ती रिळं. मी बारा वर्षांची असताना त्याने कागदावरच्या माझ्या वर्तुळावर बोट ठेवून सांगितलं, “हे रिकामं राहिलं पाहिजे.” जणू ते माझ्या हातात होतं. मला त्याचा राग आला होता. आजही थोडा आहे.

माझं बी.एस्सी. झालं आणि मामाच्याच प्रयोगशाळेत मला सहायक म्हणून काम मिळालं. तोवर त्याची नजर पार उतरली होती. फक्त तो ते कबूल करत नव्हता. पहिल्याच दिवशी मी दारातून आत येत म्हणाले, “मामा, हे कुठे ठेवू?”

त्याने हातातलं काम थांबवलं. “बाहेर जा. पुन्हा आत ये.”

मी गेले, आले.

“इथे मी सर. इथे मला ‘तू’ नाही, फक्त ‘तुम्ही’. इथे नातं आणलं की माणूस समोरच्याला बरं वाटेल ते बोलतो. मला बरं वाटणारं नको, दिसेल ते पाहिजे. कळलं?”

“हो, सर.”

मी दोन-तीनदा तरी तशी बाहेर जाऊन आत आले असेन. मग सवय झाली.

काम असं होतं. काचेच्या बशीत काँगो रेड नावाचा लाल रंग घातलेली जेली ओतायची आणि तिच्यावर जीवाणू वाढवायचे. आपल्याला हवा तो, नायट्रोजन देणारा, हा रंग जवळजवळ घेत नाही. त्याचे ठिपके पांढरे, चकचकीत उगवतात. पण त्याचा एक चुलतभाऊ असतो. तोही मातीतलाच, मुळांशीच वावरणारा, दिसायला अगदी तसाच. तो रंग पिऊन लाल होतो आणि रोपाला काही देत नाही. दोघांतला फरक बशीत रंगावरून ओळखायचा. दर महिन्याला पांढरा ठिपका सुईने उचलायचा आणि नव्या बशीत लावायचा. मामा शेजारी उभा राहायचा, मान भलतीकडे वळवून.

“काय दिसतं?”

“पांढरा, सर.”

“नक्की?”

“नक्की.”

“उचल.”

त्याची सगळी भिस्त माझ्या डोळ्यांवर होती, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमान वाटायचा. पहिल्या वर्षी कुंड्यांतल्या वालांना आम्ही आमचा जीवाणू दिला. गाठी आल्या, आतून लाल. ते लाल मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या दिवशी मामाने चाचाला वर बोलावून जिलबी खायला घातली. चाचा म्हणाला, “किस खुशी में, मास्टरजी?” मामा म्हणाला, “बीमारी का इलाज मिला.” चाचाला वाटलं, डोळ्यांचा. त्याने दोन्ही हात वर करून दुवा दिली.

त्यानंतर तीन वर्षं आम्ही महिन्यामागून महिना पांढरा ठिपका उचलत गेलो. मधल्या काळात उन्हाचा त्रास होतो म्हणून मी गॉगल घेतला. आई हसून म्हणाली, “अगदी मामासारखी दिसतेस.” प्रयोगशाळेतल्या ट्यूबलाइटने डोळ्यांत पाणी यायचं, तर मी म्हणायचे, ट्यूब खराब आहे. दोनदा बदलून घेतली. रिळांची परीक्षा चालूच होती आणि मी ती दर वेळी पास होत होते.

चौथ्या वर्षी मामाने बांधाशेजारच्या मावशीला अर्धं शेत आमच्या बियाण्याने पेरायला तयार केलं. गुळाच्या पाण्यात जीवाणूंची भुकटी कालवून वालाच्या दाण्यांना लावायची आणि सावलीत वाळवायची. मावशीच्या पडवीत बसून आम्ही ते केलं. मामाच्या टोपीला गूळ, चष्म्याला गूळ. असा खूश मी त्याला आधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही.

दोन महिन्यांनी आम्ही बघायला गेलो. आमचं अर्धं आणि तिचं अर्धं सारखंच पिवळं होतं. मावशीने एक रोप उपटून माझ्या हातात दिलं. मुळांवर दोन-चार बारक्या गाठी होत्या. मी एक नखाने चिरली.

“आतून?” मामाने विचारलं.

“गुलाबी आहे, सर. फिकट, पण गुलाबी.”

मावशीने माझ्या हातातली गाठ जवळ घेऊन पाहिली. “गुलाबी? काय बोलतेस पोरी, पांढरीफटक हाय ही.”

परतताना रिक्षात मामाने एकच विचारलं, “गॉगल कधीपासून लावतेस?” मी गॉगल लावते हे त्याला कुणी सांगितलं होतं, की मांडीवर ठेवलेल्या माझ्या हातातला तो चष्मा त्याच्या बोटांना लागला होता, मला माहीत नाही.

आमच्या जीवाणूचा नमुना त्याने बाहेरच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत पाठवला. उत्तर आलं, ते मीच त्याला वाचून दाखवलं. आम्ही तीन वर्षं सांभाळला तो आपला जीवाणू नव्हता. तो चुलतभाऊ होता. कुठल्या महिन्यात मी चुकीचा ठिपका उचलला ते देवही सांगू शकणार नाही. पहिल्या वर्षीची मूळ बाटली फ्रीजमध्ये होती, पण सुट्टीत कॉलेजची वीज बंद ठेवली होती, तेव्हा ती मेली. मूळ जागी जाऊन पुन्हा आणावा म्हटलं तर बांधाखालच्या त्या तुकड्यावर मुरूम टाकून गोदाम उभं राहिलं होतं. पत्र्याच्या शेडखाली खोकी, आणि खोक्यांखाली कुठेतरी तो. मामा गोदामाच्या भिंतीला हात लावून बराच वेळ उभा राहिला. वॉचमनने त्याला हटकलं, “क्या चाहिए?” मामा म्हणाला, “कुछ नहीं. नीचे था.”

दुसऱ्या दिवशी त्याने चाचाला प्रयोगशाळेत बोलावलं. टेबलावर आमची ताजी बशी होती.

“चाचा, ये दाने कौन से रंग के हैं?”

चाचाने बशी उजेडाकडे धरली. आयुष्य सुतात गेलेला माणूस तो, रंगाला कधी चुकायचा नाही. “लाल हैं, मास्टरजी. बिलकुल लाल.” मग त्याने माझ्याकडे पाहिलं. “बच्ची को नहीं दिखता क्या?”

मी बशी घेतली. खिडकीत नेली. मला पांढरे ठिपके दिसत होते. मी आळस केला नव्हता. घरी लवकर जायचं म्हणून काहीतरी ठोकून दिलं नव्हतं. शपथेवर सांगते, मी दिसेल तेच सांगत आले होते. मला शिव्या बसतील, कामचुकार म्हणून हाकललं जाईल, असं काहीतरी व्हावं, अशी मी मनात भीक मागत होते. मामाने आवाजही चढवला नाही.

चाचा गेल्यावर त्याने पिशवीतून ती रिळं काढली. एक रीळ घेतलं आणि त्याचा काठ टेबलाच्या कडेवर घासत बसला. लाकडाचा भुसा पडला. सगळी रिळं एकत्र करून त्याने माझ्यापुढे सरकवली.

“लाल कुठलं?”

मी हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. लाल रिळाचा काठ एका जागी तुटका होता. मी शाळेत असल्यापासून तो तसाच होता. गेली काही वर्षं मी लाल बघून नव्हे, तो तुटका काठ बघून उचलत होते, आणि बाकीची रिळंही अशीच, कुठलं चिरलेलं, कुठलं जाड, कुठल्यावर शाईचा डाग. मी फसवत नव्हते. मला स्वतःलाच कळलं नव्हतं. आता तो काठ घासून गेला होता, आणि समोर करड्या रंगाची सात रिळं होती.

“सांगता येत नाही, सर,” मी म्हणाले.

मामाने चष्मा काढला. त्याचे डोळे मी फार कमी वेळा पाहिले होते.

“मला तरी कुठे येत होतं,” तो म्हणाला. “तू देशील त्याचा काठ मी बोटाने चाचपायचो. तुटका लागला की चालेल म्हणायचो. वीस वर्षं परीक्षा घेतली, आणि घेणाराच आंधळा.”

हे सांगितल्यावर तो रडला असं लिहिलं तर बरं दिसेल, पण तो रडला नाही. तो म्हणाला, “तुझ्या आईला मी सांगेन. तू सांगू नकोस.” आणि त्याने सांगितलं. आई तेव्हा काय म्हणाली ते मी इथे लिहिणार नाही. इतकंच, की ती त्याला नाही, स्वतःला बोलली.

मामा गेला त्याला आता दोन वर्षं होतील. कॉलेजने खोली साफ केली तेव्हा बाटल्या, बशा सगळं कचऱ्यात गेलं. मी हे मोबाइलवर बोलून लिहिते आहे. तो मोठ्या अक्षरांत दाखवतो, तरी वाचताना मान भलतीकडे वळवावी लागते. मामा अशी मान का वळवायचा ते आता मला कुणी समजावायला नको. मधोमध दिसेनासं झालं की माणूस कडेने बघतो. लाल गेलाय. तोंडं जायला लागली आहेत.

पण त्या दिवसाचं राहिलं. रिळं पिशवीत गेल्यावर मामाने कपाटातून घराण्याचा कागद काढून टेबलावर पसरला. कोपऱ्यांवर बशा ठेवल्या. शाईचं पेन माझ्या हातात दिलं.

“मला जागा सापडायची नाही,” तो म्हणाला. “तूच भर.”

सगळ्यांत खालचं, कडेचं वर्तुळ. मी दुसऱ्या हाताने मनगट धरून ते भरलं. मामा मान वळवून ऐकत उभा होता, कागदावर निब चालल्याचा आवाज. तो थांबल्यावर त्याने विचारलं, “रेषेबाहेर गेलं नाही ना?”

“नाही, मामा,” मी म्हणाले.

त्याने मला बाहेर पाठवलं नाही.